गच्चीवरचं लाल

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. खाली धक्क्यावर इंजिनं सुरू झाली आणि मी सवयीने ओरडले, "निघाले हो!" – मग लक्षात आलं. ऐकायला घरात आहे कोण?

नारळीभात केला नाही. एकटीच्या घशाखाली काय उतरणार!

यांची डायरी घेऊन बसले आहे. अक्षर सगळं माझंच, हुकूम तेवढा कॅप्टनसाहेबांचा. "दुपारी दोन. दक्षिणेला तीन लाटा फुटतात, मधे मोकळं. पांढरं." पानोपानी हेच. मे अखेरीला होड्या वर ओढल्या, तिथे रिपोर्ट थांबले. बारा जूनला हे स्वतःच थांबले. चहा मागितला, मी घेऊन आले तोवर गेले होते. तेवढीसुद्धा वाट बघवली नाही!

कोरी पानं वाया गेलेली त्यांना खपायची नाहीत. चला, त्यांच्या पानांवर माझी बडबड.

१० ऑगस्ट

निलेशचा फोन. चोवीस तारखेला पुण्याहून गाडी घेऊनच येतो म्हणाला. माझ्यासाठी खोली रिकामी केली आहे, खिडकीत तुळसही आणून ठेवली आहे. "आई, पूर्णगडात आता तुझं काम काय?" मनात वाईट काही नव्हतं त्याच्या. गुणी पोर आहे. 

हो म्हटलं.

११ ऑगस्ट

ट्रंक भरायला काढली. तळाशी काय, तर माझी लाल साडी! साडी कसली, तिचा उरलेला तुकडा. उन्हाने विटका झालेला, कडेला दशा लोंबताहेत. हसू आलं.

शिपाई म्हणून भरती झालेला कोळ्याचा पोर कॅप्टन होऊन निवृत्त झाला. घरी आल्यावर पहिले सहा महिने मला नको नको केलं होतं त्यांनी. पहाटे पाचला हजेरी. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावायचे. कोंबड्या वेळेवर खुराड्यात गेल्या नाहीत की कोंबड्यांवर आरडाओरडा! मी एकदा सांगितलं, "मी तुमच्या पलटणीत भरती झालेली नाही. उद्यापासून सहाला उठणार." नंतर कळलं – माणसाला काम हवं होतं.

ते काम यांच्या बालमित्रामुळे, सुलेमानमुळे मिळालं. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. त्यावर लाटा फुटत असल्या तर होडी उलटते. समुद्राकडून येणाऱ्याला लाटांच्या पाठी तेवढ्या दिसतात, फुटतात की नाही ते कळत नाही. आमच्या गच्चीवरून मात्र सगळं स्वच्छ दिसतं. सुलेमान तांडेल, म्हणजे होडी हाकणारा. त्या दिवशी तो होडी घेऊन सरळ फेसात शिरायला निघाला होता. यांनी दोरीवरची माझी साडी ओढली, कठड्यावर चढले आणि अशी काही फिरवली की खालच्या बायकांना वाटलं, कॅप्टनला वेड लागलं. सुलेमानने पाहिलं. होडी वळवली.

तेव्हापासून ठरून गेलं. गच्चीवर लाल असलं तर बाहेरच थांबा, पांढरं असलं तर आत या. साडी कायमची सरकारजमा झाली. दुसरी आणतो म्हणाले होते. अजून आणताहेत!

१३ ऑगस्ट

जालंधरहून फोन. यांच्या पलटणीतले एक सरदारजी. आत्ता कळलं त्यांना. रडले बिचारे. मग म्हणाले, "भाभीजी, वो सुलेमान कैसा है?"

काय सांगू? बरा आहे म्हटलं.

शाळेत एकाच छडीचा मार खाल्लेले हे दोघे. हे फौजेत गेले, तो बापाच्या होडीवर. रजेवर आले की एस.टी.तून उतरून आधी सुलेमानच्या घरी, मग स्वतःच्या! नवी नवरी होते तेव्हा मी यावरून दोन दिवस अबोला धरला होता. त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

निवृत्तीनंतर तर रोजचं. असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की सुलेमान आमची पायरी चढायचा. हे वरून पहारेकऱ्यासारखे ओरडायचे, "थम! कौन आता है?" खालून उत्तर, "दोस्त!" मगच वर यायची परवानगी. सत्तरीचे दोन म्हातारे! रोज! मी चहाचं आधण त्या ओरडण्यावर ठेवायचे.

तिरडीला खांदा दिला त्याने. कबरस्तानात उभं राहतात तसा हात बांधून शेवटपर्यंत उभा होता. त्यानंतर एकदाही आला नाही. परवा बाजारात समोर दिसला, तर मान खाली घालून पलीकडे गेला. राग येतो मला. दोस्ती त्यांच्याशी होती, मी नुसती चहावाली!

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडा यंदा सरपंचांनी फडकवला. सॅल्यूट कुणालाच जमला नाही.

१६ ऑगस्ट

एक गोष्ट कुणाला बोलले नाही. इथे लिहून ठेवते.

चार वर्षांपूर्वी यांचे डोळे गेले. काचबिंदू. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही. घरी येताना एस.टी.त माझा हात धरला आणि म्हणाले, "कमळा, गावात कळता कामा नये." फौजीचा मान ना!

मग मी गच्चीवर शेजारी उभी राहायचे. "फुटतंय हो," म्हटलं की वैतागायचे. "रिपोर्ट नीट दे. किती? कुठल्या बाजूला?" शिकले हळूहळू. मग ते चाचपत दोरीपाशी जायचे आणि कापड स्वतः बांधायचे. आणि दुर्बीण! डोळ्याला दुर्बीण लावून ऐटीत उभे राहायचे, खालून सगळ्यांना दिसावं म्हणून. मी हसायचे. मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

फार प्रेम होतं माझं या माणसावर. तोंडावर कधी सांगितलं नाही. आता सांगते.

१८ ऑगस्ट

देवा, काय करून बसले मी आज!

छान ऊन पडलं होतं. पुण्याला न्यायची गोधडी धुतली आणि गच्चीवर वाळत घातली. पाचला काढली. सहाला महिपत दारात. सुलेमानच्या बरोबरीने जाणारा तांडेल. तोंड पाडलेलं.

"वैनी, लाल कशाला लावलंव? भायरनं तर पानी शांत वाटत व्हतं."

लाल? माझी गोधडी लाल!

"अरे, गोधडी होती ती! वाळत घातली होती!"

मग महिपतने सगळं सांगितलं. तीन होड्या चार तास बाहेर डोलत उभ्या होत्या. बर्फ वितळलं, अर्धी मासळी मऊ पडली.

"पाणी शांत वाटत होतं तर आलात का नाही आत?"

"लाल व्हतं ना," तो म्हणाला. जसं काही मीच खुळी. "सुलेमानचाचांनी सांगितलानी, वरचं लाल उतरल्याबिगर कोन हलायचं नाय."

खूप लाजले. हात जोडले त्याला. तो गेल्यावर मात्र हसत सुटले, एकटीच. गेलेल्या माणसाचा हुकूम पाळत बसले होते! गोधडीला सलाम!

२० ऑगस्ट

गच्चीवर गेले. उगाच. चार लाटा, उत्तरेला. मधे मोकळं.

२१ ऑगस्ट



दुपारी वारा फिरला. वर जाऊन पाहते तर पांढरा फेस या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे बोटभरसुद्धा वाट नाही. आणि बाहेरून तीन होड्या येताहेत, सुलेमानची पुढे. कापड? ट्रंकेत, कुलूप लावलेलं! किल्ली सापडेना. वरवंट्याने कुलूप तोडलं, तुकडा घेऊन धावले. बांधताना एक कोपरा फाटून हातात आला.

होडी येतच होती. "वळ रे, वळ!" मी ओरडत होते, तिथवर कुठला ऐकू जाणार आवाज.

वळली.

तीन तास कठड्याशी उभी राहिले. भरती आली, मधलं पाणी मोकळं झालं. यांचा पांढरा पंचा लावला. एकामागे एक तिन्ही आत आल्या. मगच मी खाली उतरले.

२२ ऑगस्ट

संध्याकाळी पायरीशी चपला वाजल्या. वरून पाहिलं. सुलेमान. एक पाय पायरीवर ठेवायचा, परत मागे घ्यायचा. वर बघायचा, दाराकडे बघायचा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विचारणारं कुणी नाही म्हणून हा माणूस दोन महिने आला नव्हता. सगळा राग गेला माझा.

कठड्याला धरून ओरडले, "थम! कौन आता है?"

त्याने दोन्ही पाय पायरीवर ठेवले. मग, "दोस्त." आवाज फाटला त्याचा.

चहा झाला. मी म्हटलं, "परवा निलेश न्यायला येतोय. साहेबांच्या निशाणाची सवय सोडा आता, सुलेमानभाय."

"सायबांचं?" त्याने कप खाली ठेवला. "वैनी, चार वर्सं तुमच्या सायबाला, आमच्या भिवाला, दिसत कुटं व्हतं? त्यानंच आमाला धक्क्यावर बोलावलान आनि सांगितलान. आजपास्नं निशान माज्या कमळेचं. चार्ज दिला तिला. पन तिला बोलू नका, घाबरंल."

सगळ्या धक्क्याला ठाऊक! आणि दुर्बीण लावून उभा राहायचा, लबाड!

निलेशला फोन केला. ये म्हटलं, चार दिवस राहा, पण माझी ट्रंक गाडीत चढणार नाही. आणि येताना लाल कापड आण. दोन मीटर. रंग पक्का बघून घे.