काठावरची खुंटी

पिंपरघाट, ता. मारेगाव
१५ जून २०२५

चि. प्रभावतीस दादाचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुले वेळ नसते, म्हणून पत्र. नदीनं गेल्या साली दहा हात काठ खाल्ला. परवा विहारात सभा झाली. सगळं गाव एकदम उठवाचं नाही, नदी येईल तसं उठाचं, असं ठरलं. तीन खुंट्या ठोकल्या. काठ ढासळत पहिलीपाशी आला का खालच्या ओळीतली चार घरं टेकाडावर जातील, दुसरीपाशी मधली ओळ, तिसरीपाशी अख्खं गाव. दर साली जागा पुन्हा पाहाच्या. मोजमाप आन् त्याची वही माह्याकडे हाय. रिटायर पोस्टमनले तेवढंच काम. लोभ हायेच, तो वाढव.

उकंडादादा

दारव्हा, २० जुलै

ती. दादास सप्रेम जयभीम.

योजना शहाणपणाची आहे. पण पूर दोनदा येऊन गेला. खालची घरं हलली का? फोनवर विचारलं, तर तुम्ही वहिनीच्या गुडघ्यांवर बोलत बसलात. खरं लिहा. शाळेतली मुलं बरी, मीही बरी. लोभ असू द्यावा.

प्रभा

पिंपरघाट, ३ ऑगस्ट

चि. प्रभास जयभीम.

तुह्यापासून काय लपवू. काठ पहिल्या खुंटीले १२ जुलैलेच टेकला होता. खालच्या ओळीतली पंचफुलाबाई आली. म्हणे, माहा पोरगा इंद्रजित पोळ्याले वणीच्या खाणीतून सुटीवर येईल, तोवर थांबा, एकटी मी छपराची टिनं कशी काढू. मले नाही म्हणता आलं नाही. खुंटी उपटून बारा हात मांगं ठोकली. कोणाले माहीत नाही. पोळा तीन आठवड्यांवर हाय. रागावू नको.

दादा

दारव्हा, ७ ऑगस्ट

ती. दादास,

फोन लागत नाही. हे पत्र मिळताच गावाला सांगा. लाज वाटेल, वाटू द्या. त्या बाईंना आजच्या आज आपल्या घरी आणा.

प्रभा

पिंपरघाट, ३० ऑगस्ट

चि. प्रभास,

तुह्यं पत्र तेराले भेटलं. काठ बाराले दुपारी गेला, चारही घरं घेऊन. बाकीचे वावरात होते. पंचफुलाबाई घरात डाळ निवडत होती. दोन दिवसांनी खाली बाभळीत सापडली.

सभेत उभा राहून मी खुंटीचं सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. इंद्रजित एवढंच म्हणाला, काका, हे वहीत लिहा. मी लिहिलं, वाचून दाखवलं, सही केली. त्याच दुपारी मधली ओळ टिनं उतरवू लागली. त्यांच्या खुंटीपासून नदी अजून तीस हात दूर हाय, तरी कोणी थांबलं नाही. मीबी गेलो. मी एका टिनाचं टोक उचललं, तर दुसऱ्या टोकाले इंद्रजित होता. त्यानं हात काढला नाही.

माया उरली असन तर दोन ओळी लिहीजो.

उकंडा