बधिर बोटं

आईस शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रातलं वेडंवाकडं अक्षर पाहून दादा म्हणे म्हणाला, "पिऊन लिहिलंय." त्याला सांग, दिवसभर सायकलवर पार्सलं पोचवून बोटं बधिर होतात.

सायकलवाल्या काकांनी हँडल वर घेऊन दिलं. म्हणाले, "कोपरं सैल ठेव, पकड बदलत जा, भार हातांवर टाकू नकोस." आठवड्यात मुंग्या थांबल्या. पण कंपनीच्या साहेबांनी हँडल पुन्हा खाली करायला लावलं. "सगळ्या सायकली सारख्या दिसल्या पाहिजेत!" माणसं लुळी झाली तरी चालतील.

बोटं पुन्हा इतकी बधिर झाली, की काल शर्टाची बटणंही शेजाऱ्याने लावून दिली. तू काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

आज मीच हँडल वर घेतलं. साहेबांनी हाकललं, तर हात तरी शाबूत घेऊन घरी येईन.

तुझा,
धाकटा