बाबांचा फोटो आणि नवी लेन्स

चिखले, ८ जानेवारी २०२४

चि. सुदाम यास,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात वलसाडला ठरलंय. त्याआधी त्यांना फोटो हवाय, भिंतीवर आईच्या शेजारी लावायला. मोबाइलचा चालणार नाही. आईचा काढलास त्याच रिळाच्या कॅमेऱ्याचा हवा. ते गेल्यावर आपण आधार कार्डावरचा लावू, असा त्यांचा आपल्या दोघांवर ठाम विश्वास आहे. तेव्हा महाराजांनी तलासरीहून स्वारी काढावी.

ओरडली तरी तुझीच,
भारतीताई

तलासरी, २३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. रविवारी बोंबलाचं कालवण झकास होतं, टोमणे त्याहून झणझणीत. जुन्या लेन्सला बुरशी आली म्हणून मेकॅनिकने ती पार उघडून ठेवलीय. तुझ्या भावाने नवीकोरी घेतली. त्याच कंपनीची, टक्कन बसली. ओटीच्या सावलीत बसलेले बाबासुद्धा कॅमेऱ्यातून कसे लख्ख दिसत होते! तुला त्यातलं काय कळणार म्हणा. रीळ मुंबईला धुवायला धाडलंय. फ्रेम करून ठेव.

तुझ्या कौतुकाची वाट पाहणारा,
सुदाम

तलासरी, ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. रीळ आलं, बाबा आले नाहीत. सगळं काळं आहे. जुन्या लेन्सवर उजेडाचं छिद्र लहानमोठं करायची कडी असते. नवीवर ती नाहीच. ते काम नवे कॅमेरे आतून करतात, माझा म्हातारा करत नाही. बघताना छिद्र उघडं असतं, बटण दाबलं की पार बारीक होतं, उजेड आत जातच नाही. टक्कन बसली म्हणजे जमली, असं मी समजलो. आपल्याकडे लग्नंही अशीच जुळवतात.

आता ऑपरेशनच्या आत दुसरं रीळ धुऊन व्हायचं नाही. बाबांनी एकच गोष्ट मागितली होती, ताई. मला फार भीती वाटतेय. त्यांना तूच सांग.

शिव्यांना पात्र,
सुदाम

चिखले, २० फेब्रुवारी

चि. सुदाम यास,
आशीर्वाद. धन्य आहेस! समोर सांगितलं असतं तर तू रडला असतास, म्हणून पुन्हा पत्रच.

वलसाडला तू रक्त द्यायला गेलास तेव्हा बाबांना ऑपरेशनसाठी आत नेत होते. मी धीर करून फोटोचं सांगितलं. वाटलं, आता खचतील. तर म्हणाले, म्हणजे भिंतीवर जायची सोय नाही, घरीच परत यावं लागणार. आणि गेले आत. मी बाकावर बसून तुझ्या नावाने बोटं मोडत रडले.

काल घरी आणलं. आल्या आल्या भाकरी कडक झाली म्हणून माझ्यावर खेकसले, म्हणजे तब्येत ठीक आहे. जुनी लेन्स दुरुस्त झाली तरी आणू नकोस. यापुढे त्यांचे सगळे फोटो त्या नव्या लेन्सनेच काढायचे, असं बाबांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.
तुझी ताई