सानियाचे जादा दोन तास

२६ जानेवारी, दुपार
अपमान! भर कॉलेजात, झेंडावंदनानंतर, सगळ्या भोरसमोर. प्रमुख पाहुणी कोण, तर सानिया. पुण्यात फ्लाइट डिस्पॅचरच्या कोर्सला माझ्या बाकाशेजारी बसायची. विमानात किती इंधन घालायचं ते डिस्पॅचर ठरवतो. ती पास होऊन नोकरीला लागली. मी तोंडी परीक्षेत दोनदा राहिलो. (परीक्षकाचा माझ्यावर राग होता.)
भाषणात म्हणाली, अंदमानसारख्या बेटावर जाणाऱ्या विमानाला जवळ दुसरं विमानतळ नसतं, म्हणून तिथं पोचल्यावरही दोन तास उडता येईल एवढं इंधन लागतं. मी उठून चूक दाखवली. पंधरा मिनिटं जादा पुरतात. ती हसून म्हणाली, "इंद्रजित, ते दोन रनवे आणि स्वच्छ हवा असेल तर. बेटावर रनवे एकच आहे."
प्राचार्यसुद्धा हसले.
सानियाची नोकरी घालवणार. आजपासून दुसरं काम नाही.

३० जानेवारी, हिर्डोशी
हनुमंतमामांकडे आलोय. तक्रार लिहायला शांतता हवी. मामांना नियम समजावला. ते म्हणाले, "खाली उतराया दुसरी जागाच न्हाई? मंग जास्तच घालावं की." मामा सातवी शिकलेत. वाद घातला नाही.

२ फेब्रुवारी
तक्रार तयार. चार पानं. सानिया विनाकारण इंधन वाहून नेते, कंपनीचं नुकसान करते, तिला तात्काळ काढावं. मोबाईलला रेंज नाही म्हणून डोंगर चढलो. पाठवली. खाली सही: एक जागरूक प्रवासी. विमानात अजून बसलेलो नाही, पण तो मुद्दा गौण.

१९ फेब्रुवारी
उत्तर नाही. हादरले असणार. स्मरणपत्र पाठवलं.
आई भजनी मंडळाबरोबर अंदमानला निघालीय. अकरा बायका, सगळ्यांचं पहिलंच विमान. आई घाबरलीय. तिला सांगितलं, काळजी नको, विमान सानियाच्या कंपनीचं आहे, फक्त नको तेवढं जड असेल. आईनं विचारलं, "म्हंजे चांगलं का वाईट?" सविस्तर सांगितलं. ती मधेच चिवडा भरायला उठली.

३ मार्च
दुपारी १.४०. मोबाईलवर आईचं विमान बघतोय. बेटाशी पोचलं. उतरत नाही. घिरट्या.
१.५५. माझी पंधरा मिनिटं संपली. घाबरण्यासारखं नाही. शेवटचा अर्ध्या तासाचा राखीव साठा असतोच.
२.१०. अजून घिरट्या.
२.२५. माझ्या हिशोबाने टाकी कोरडी.
२.२६. विमान उडतंय.
२.३५. उडतंय. पाणी प्यायलो.
२.५०. उतरलं.
संध्याकाळी आईचा फोन. ह्यांच्या आधी उतरलेल्या विमानाचं टायर रनवेवरच फुटलं होतं, ते बाजूला ओढेपर्यंत ह्यांना वरच फिरवलं. पायलटनं सांगितलं, इंधन भरपूर आहे. मंडळातल्या रतनबाईंनी तिथंच भजन सुरू केलं. आई म्हणाली, "लई झ्याक दिसतंय रं वरनं."
रेंज नाही असं सांगितलं. घरात, भोरात.

४ मार्च
तक्रार मागे घ्यायला वेबसाईटवर बटणच नाही. माझा मुद्दा तत्त्वतः बरोबरच आहे. कालचा प्रकार अपवाद. पण आता दोन दिवस सूड नको. डोकं दुखतंय.

२० मार्च
कंपनीचं उत्तर आलं. तक्रार खुलाशासाठी संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवली होती. संबंधित अधिकारी म्हणजे सानिया. तिचा खुलासा जोडलाय, दोनच ओळी: इंधन नियमाप्रमाणे घातले. ३ मार्चच्या अंदमान फ्लाइटचा इंधनतक्ता सोबत.
म्हणजे आईचंच विमान. तो तक्ता तिनेच भरला होता.
सही निनावी केली होती. ईमेल मात्र माझ्या नावाचा, जन्मसालासकट.

३१ मार्च, ईद
आईला कुठून तरी कळलं, त्या विमानाचं इंधन सानियानं ठरवलं होतं. मला ओढतच सानियाच्या आईकडे, खुर्शिदाचाचींच्या घरी नेलं. सानिया रजेवर आलेली. आईनं तिचे दोन्ही हात धरले. "आमी हाय म्हणून जास्त घातलंस का गं?"
"नाही काकू. तुम्ही त्यात आहात हे मला माहीतच नव्हतं. त्या बेटाला कुणीही निघालं तरी तेवढंच घालते."
आई रडली. चाची पण रडल्या. मी शिरखुर्म्यातली खारीक शोधत बसलो. तक्रारीचं सानिया एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, विसरली.
निघताना दारापर्यंत आली. हळूच विचारलं, "काकूंच्या विमानाला तू किती घातलं असतंस?"
"दोन तास," मी म्हणालो. पहिल्यांदाच तिच्यासमोर उत्तर बरोबर आलं.
"आणि त्यात माझी आई असती तर?"
मी खाली वाकून चपला शोधू लागलो. बराच वेळ शोधत होतो. चपला पायातच होत्या.