बिटाचा रंग

दि. ११, मंगळवार

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल पोचलं. लोकरीचे सहा गुंडे, चष्म्याची दोरी आणि माझ्या मापाचे पायमोजे. टपालाला एकशेवीस घातलेस. तेवढ्यात इथे आणखी दोन गुंडे आले असते, पण देणारीचा हात कोण धरणार! देवाच्या कृपेने हे बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त हे स्वतः कुरकुरतात. नात खुर्च्या ढकलत घरभर चालते.

फोनवर तू मला हसवतेस आणि बोलायचं ते राहून जातं, म्हणून लिहिते आहे. परवा तू विचारलंस, "ताई, आवाज का बसलाय?" मी म्हटलं, सर्दी. सर्दी नव्हती.

मार्चमध्ये तू लिहिलं होतंस, लघवी लालसर होते, काय करू? मी मोठ्या तोऱ्यात कळवलं, 'बीट खाल्लं असशील. मलाही होते. डॉक्टरकडे पैसे ओतू नकोस.' बारके, त्यानंतर मी बीट घरात आणलं नाही, तरी माझा रंग गेला नाही. दुखत नव्हतं, म्हणून जपमाळ ओढत बसले. तुला मात्र हे कळवलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी रक्ताच्या गुठळ्या पडल्या, तेव्हा ह्यांनी हाताला धरून नेलं. मूत्राशयात गाठ होती. दुर्बीण घालून काढली. कॅन्सरची. लिहिला एकदाचा तो शब्द.

गाठ तपासली, मग रक्तही मागितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला कॅन्सर?" मी म्हटलं, कुणाला नाही. अण्णा आतड्याच्या दुखण्यानं गेले, आत्या गर्भाशयाच्या. बाईंचं पेन थांबलं. "वय?" अण्णा शेहेचाळीस, आत्या पन्नास. "आणि तुम्ही म्हणता, कुणाला नाही!"

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. शरीरातल्या पेशी सारखी स्वतःची नक्कल काढतात. नकलेत अक्षरं चुकतात, सगळ्यांचीच. पण मागे एक ताळा करणारा बसलेला असतो, तो चूक खोडून नीट करतो. या रोगात बहुतेकांच्या चुका गाठीपुरत्याच असतात, तंबाखूच्या धुरानं, रसायनांनी, वयानं झालेल्या. माझा तो ताळा करणाराच जन्मापासून अधू. रक्तातही तेच निघालं.

मी विचारलं, "माझ्या हातून काय पाप घडलं?"

"पाप कसलं, आजी! वडिलांकडून आलेलं दिसतंय. भावंडं आहेत?"

"एकच. धाकटी बहीण."

"मग तिच्यातही असण्याची शक्यता निम्मी. मुलांचंही तेच. बहिणीला कळवलंत?"

मी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते माझं मला ठाऊक.

त्याला आज अकरा दिवस झाले. मुलांनी रक्त तपासायला दिलंय, निकाल यायचाय. त्यांच्यासाठी देवाला साकडं घालते. तुझ्यासाठी घालायला बसले की जपमाळ खाली ठेवते, कारण तुला थांबवलं ते मीच.

माझी काळजी करू नकोस. दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून पाहणार आहेत. सोबत दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स ठेवल्या आहेत. पत्र मिळेल त्याच दिवशी मूत्रविकाराच्या डॉक्टरकडे जा आणि त्या त्यांच्या हातात दे. खर्चाचा विचार करशील तर माझी शपथ.

आणि एक. मार्चनंतर तू त्या रंगाबद्दल एकदाही बोलली नाहीस. थांबलं म्हणून, की मी तसं म्हटलं म्हणून? उलटटपाली कळव. एक शब्द पुरे. फोनवर सांगू नकोस, फोनवर आपण दोघी एकमेकींशी खोटं बोलतो.

तुला चुकीचं सांगणारी,
तुझी ताई