अन्न उरू नये

मोशी, मंगळवार, संध्याकाळ

सूनबाई, माझी रोजनिशी लिहून घेताना आधी वार घाल. काल विसरलीस आणि वर मलाच म्हातारी म्हणालीस.

नात अस्मिता कंपनीच्या कँटीनसाठी, रोज किती शिजवायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर करतेय. कागदावर चौकटींचं उलटं झाड काढलंय, बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबावेत तसं. सगळ्यात वरची चौकट तिनं वाचून दाखवली: अन्न उरू नये.

"कशाला गं?"

"मुख्य हेतू आहे तो, आजी."

"मग शेवटी आलेला उपाशी गेला तरी तुझं झाड खूशच की!"

तुझे सासरे सेकंड शिफ्टला असेच रिकामी पातेली बघून परतायचे. तिनं चौकट खोडली. उद्या साहेबांना दाखवायचंय, आणि वरचा खोपा रिकामा. मी डोळे मिटले की तोच वाऱ्यावर हलतो. काय लिहील पोर?

उद्या तिच्या डब्यात पिठलं आणि दोन भाकरी जास्तीच्या पाठव. उरल्या तर उरू देत.