ताडपत्रीखालचा पाटा

मी, बन्सी यल्लप्पा धोत्रे, वय वर्षे सव्वीस, शिक्षण बारावी नापास, धंदा सध्या कोणताच नाही, पूर्वी पुष्कळ, राहणार वडारवस्ती, रेल्वे लाइनीपलीकडे, दौंड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि नशापाणी न करता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे की नाही, हे गेल्या दोन महिन्यांत डॉक्टरांनी, एका मानसोपचारवाल्या बाईंनी आणि एका सरकारी समितीने तपासून पाहिले आहे. त्यामुळे त्या बाबतीत माझ्याइतका खात्रीचा माणूस वस्तीत दुसरा नाही.

येत्या गुरुवारी पुण्याच्या दवाखान्यात माझी डावी किडनी काढून माझा मित्र पियूष सुभाषचंद गुगळे, राहणार शिरूर, याला बसवणार आहेत. धोका फार कमी, असे डॉक्टर म्हणतात. पण कमी म्हणजे नाहीच असे नव्हे. आणि मी गेलो तर मागे जी बोलणी उरतील ती माझ्या आईला ऐकावी लागतील. म्हणून हा कागद. यात वाक्ये बरी दिसतील तिथे माझा मित्र नागसेन याचा हात आहे. तो कोर्टाबाहेर टायपिंग करतो. बाकीचे माझे.

कलम १. घर. पत्र्याच्या दोन खोल्या, जोते दगडी. जोत्याचा दगड माझ्या आजोबांनी फोडलेला, म्हणून जोते आमचे. जागा कोणाची यावर रेल्वे आणि नगरपालिका यांचेच एकमत नाही. उतारा नाही. जे आपले नाही ते लिहून कसे देणार, असे नागसेनने विचारले. तर माझा जो काही हक्क असेल किंवा पुढे निघेल तो सगळा माझी आई चांगुणा हिला.

इथे एक सांगायचे राहील म्हणून सांगतो. आमचे लोक तेलंगी मुलखातून गाढवांवर संसार लादून आले, लोहमार्गाची खडी फोडायला. गुगळ्यांचे लोक त्याच सुमारास मारवाडातून आले, शिरूरला गोऱ्यांची छावणी होती तिथे दाणापाणी विकायला. दोघेही परके, दोघांचीही बोली गावाला कळेना. आज त्यांची शिरूरच्या बाजारात भांड्यांची दोन दुकाने आहेत आणि आमच्या घरात मी आणि आई आहोत. पियूषचे वडील सुभाषशेठ एकदा जेवताना सहज म्हणाले, आम्ही फार कष्ट केले. मी ते घरी येऊन आईला सांगितले. ती म्हणाली, "मग आमी काय झोपलो व्हतो?"

या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे, कारण मला रिकामा वेळ फार. त्यांचा माणूस परगावी गेला की तिथल्या नातेवाइकाच्या दुकानात बसायचा आणि वर्ष-दोन वर्षांनी उधारीवर माल घेऊन स्वतःचे दुकान टाकायचा. आमचा माणूस परगावी गेला की तिथल्या नातेवाइकाच्या पालाशेजारी पाल ठोकायचा. नातेवाईक दोघांनाही होते. पण आमच्या नातेवाइकाकडे उधार द्यायला पहारीशिवाय काही नव्हते, आणि ती त्यालाच लागायची. शिवाय भांडे विकणाऱ्याला लोक ओट्यावर बसवत, दगड फोडणाऱ्याला ओट्याखाली उभे करत. मला यापेक्षा जास्त कळत नाही.

कलम २. जंगम मालमत्ता. सायकल माझे मामा कोंडिबा विटकर यांना, ब्रेक नीट करून घ्यावेत. पाठीवरची मोठी बॅग नागसेनला, तो कुठे जात नाही म्हणून मुद्दाम. बँकेत जे असेल ते आईला. इनामगावला घोडनदीच्या काठी मला रंगवलेल्या मडक्याचा एक तुकडा सापडला होता. तिथे तीन हजार वर्षांपूर्वी माणसे राहायची, असे एका म्हाताऱ्याने सांगितले. मी विचारले, ती कुठून आली होती? म्हातारा म्हणाला, आली आसतील कुठनं तरी, आपल्यासारखीच. तो तुकडा सरकारजमा करावा, मी खिशात घालायला नको होता.

कलम ३. पियूष. आमची ओळख सोलापूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये झाली. तो दुकानातून पळाला होता आणि मी पाटसच्या साखर कारखान्यावरचे सीझनचे काम सोडून निघालो होतो. दोघांनाही कुठे जायचे ते ठाऊक नव्हते. हंपीला गेलो. पुढे बल्लारीच्या बाजारात दोन बायका बोलत होत्या, त्यांचे निम्मे शब्द माझ्या घरातले होते. मी हसलो तर त्या पदर सावरून निघून गेल्या. पुढच्या वर्षी पियूष मला त्यांच्या मूळ गावी मारवाडात घेऊन गेला. घराला कुलूप होते आणि शेजाऱ्याने आम्हाला पाणीसुद्धा जरा संशयाने दिले. दोन्हीकडे आम्हाला कोणी ओळखले नाही. तेव्हा आम्ही अगदी बरोबरीचे होतो. ती बरोबरी मला फार आवडली होती.

मग त्याच्या किडन्या गेल्या. आईवडिलांची त्याला चालत नव्हती. माझी चालली. मी हो म्हटले, त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. पुढचे सगळे त्यानंतरचे आहे आणि त्याचीच मला लाज वाटते.

कलम ४. तपासणीबाबत. मी पियूषचा रक्ताचा नाही, म्हणून समितीची परवानगी लागते. देणारा गरीब आणि घेणारा पैसेवाला असेल तर व्यवहार झाला आहे का ते समिती पाहते. नियम चांगला आहे. लोकांनी किडन्या विकल्या म्हणूनच तो झाला. पण त्यामुळे दोन घरांची ऐपत शेजारी शेजारी ठेवून मोजली जाणार हे ठरले, आणि दोन्ही घरे कामाला लागली.

दवाखान्याच्या समाजसेविका बाई घर बघायला येणार होत्या. आदल्या दिवशी मामांनी आणि वस्तीतल्या चौघांनी शेजारच्या गिताबाईंचा फ्रिज उचलून आमच्याकडे आणला. आमचे घर फार उघडे दिसले तर परवानगी मिळणार नाही, असे मामांचे म्हणणे. मामांचे आणखीही एक म्हणणे होते. "येवढं काढून देतो आन् फुकट? आरं, येडा हाय का तू?" हे मात्र ते बाईंसमोर बोलले नाहीत.

आई तीस वर्षे पाटे, वरवंटे, उखळ घडवते. पहाटे लाइनीकडून वस्तीत शिरणाऱ्याला आमचे घर दगडावर पडणाऱ्या छिन्नी-टाकीच्या आवाजावरूनच सापडते. त्या दिवशी तिने अर्धवट घडवलेला पाटा, हातोडा, छिन्न्या सगळे अंगणाच्या कडेला ढकलून वर ताडपत्री टाकली. मी तिला तसे सांगितले नव्हते. पण ती ताडपत्री ओढत असताना दुसरे टोक मी धरले.

बाई आल्या. चांगल्या होत्या. त्यांनी पाणी मागितले. आईने फ्रिज उघडला, बाटली काढली. फ्रिजची पिन लावायचीच राहिली होती. बाई ते कोमट पाणी सगळे प्याल्या. जाताना त्यांचा पाय ताडपत्रीला ठेचकाळला. हे काय, म्हणाल्या. आई म्हणाली, "शेजाऱ्यांचं हाय."

पुढे समितीपुढे बोलावणे आले. त्या दिवशी आई गिताबाईंच्या रेशमी साडीत आणि त्यांच्याच पाटल्या घालून आली. दवाखान्याच्या फाटकाशी सुभाषशेठ आणि त्यांची बायको भेटली. शेठ गाडी घरी ठेवून एसटीने आले होते. कॉलर विरलेला शर्ट. गुगळेबाईंच्या हातात काचेच्या दोन बांगड्या, बाकी काही नाही. आमच्याकडे जे अंगावर चढले होते ते उसने होते आणि त्यांच्या अंगावरून जे उतरले होते ते कपाटात होते. आईने शेठजींच्या शर्टाकडे पाहिले, शेठजींनी आईच्या पाटल्यांकडे. मग दोघांनीही रस्त्यावरच्या रिक्षा बघितल्या.

आत समितीच्या साहेबांनी कागद पुढे सरकवले. म्हणाले, दोन्ही कुटुंबांच्या परिस्थितीत एवढा फरक दिसतो, आम्ही काय समजावे? फरक दीडशे वर्षांचा आहे आणि मैत्री सहा वर्षांची, हे उत्तर मला नंतर जिन्यात सुचले. आत मी फक्त म्हणालो, मी काही घेणार नाही. मग त्यांनी आईला विचारले, तुम्ही काय करता?

"काय न्हाई," आई म्हणाली. "घरीच आसते. लेक बघतो सगळं."

लेक म्हणजे मी. जो तिच्याकडून मोबाइलचा रिचार्ज मारून घेतो. तिची बोटे साडीच्या पदरात होती. दगडावर टाकी मारून तिच्या उजव्या अंगठ्याला जो घट्टा पडला आहे तो कोणाला दिसू नये म्हणून. मी तिच्या शेजारी बसलो होतो आणि बोललो नाही.

परवानगी मिळाली. देणे खरे होते, बाकी आम्ही दाखवलेले सगळे खोटे होते, आणि पास खोट्यामुळे झालो की खऱ्यामुळे, ते मला अजून कळलेले नाही.

कलम ५. गाळ्याबाबत. हे कलम सर्वांत महत्त्वाचे असून त्याचा दुसरा अर्थ कोणी काढू नये. परवानगीनंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात सुभाषशेठनी मला बाजूला घेतले. त्यांचा दौंडला एसटी स्टँडजवळ छोटा गाळा आहे. ते म्हणाले, "बन्सी, तो तुझ्या नावावर करतो. हा सौदा नाही रे. बापाचं मन आहे, नाही म्हणू नकोस." त्यांचे डोळे भरले होते. ते खोटे बोलत नव्हते.

मी म्हणालो, "बघू."

नाही म्हणायला हवे होते. आमच्या वस्तीत काय आणि त्यांच्या दुकानात काय, बघू म्हटले की बोलणी चालू आहेत असाच अर्थ होतो. त्या एका शब्दाने मी मित्र होतो तो विकणारा झालो. आणि आई मागेच उभी होती. आमची एसटी पाटसला आली. तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गाळ्याला सावली आसंल न्हाई?" तीस वर्षे ती दौंडच्या बाजारात उन्हात पाटे मांडून बसते. तिने गाळा मागितला नाही. फक्त सावलीचे विचारले.

म्हणून लिहून ठेवतो की मी जिवंत असो वा नसो, तो गाळा माझ्या, माझ्या आईच्या किंवा माझ्या कोणत्याही नातेवाइकाच्या नावावर फुकट होऊ देऊ नये. रोख रक्कम, दागिना, मामांना नोकरी, यांतले काहीही घेऊ नये. आईला सावली हवी असेल तर गाळा बाजारभावाने भाड्याने घ्यावा, आणि भाडे परवडत नसेल तर घेऊ नये. हे लिहिणे मला सोपे आहे, कारण उन्हात मी बसत नाही. त्याचीही लाज वाटते. तरी लिहितो.

कलम ६. राग. वडील खाणीत अपघातात गेले, त्यानंतर ठेकेदाराने त्यांची पहार परत केली नाही. ती मागू नये, पण विसरूही नये. पियूषच्या चुलत्यांनी शिरूरच्या बाजारात चारचौघांत मला विचारले, कितीला ठरलं? त्यांच्यावर माझा राग होता. पण आमच्या वस्तीतही हाच प्रश्न तिघांनी विचारला. या एका बाबतीत दोन्ही समाज सारखे निघाले, म्हणून राग मागे घेतो.

कलम ७. माझा देह. मी ऑपरेशनच्या टेबलावरच मेलो आणि उजवी किडनी, डोळे, काहीही कोणाला चालत असेल तर काढून घ्यावे. घेणाऱ्याची ऐपत ऐकायला मी नसेन, तेव्हा ती कोणी मोजू नये.

कलम ८. पाटा. ताडपत्रीखालचा पाटा माझा नाही, आईचा आहे, तो मी कोणाला देऊ शकत नाही. फक्त इच्छा लिहितो. तिने तो पुरा करावा आणि गुगळेबाईंना विकावा. भेट म्हणून देऊ नये, त्यांनीही आहेर म्हणून घेऊ नये. त्यांनी दौंडच्या बाजारात यावे, आईपुढे उभे राहून भाव विचारावा, आईने सांगावा, त्यांनी जास्त आहे म्हणावे, आणि शेवटी पैसे देऊन न्यावा. दोन घरांमध्ये एवढाच एक व्यवहार व्हावा आणि तो भर उजेडात व्हावा. किंमत रुपये ~~आठशे~~ बाराशे.

खुलासा: हा कागद मी आज सकाळी आईला वाचून दाखवला. कलम ४ ती मान खाली घालून ऐकत होती. गाळ्याचे ऐकताना दाराबाहेर बघत राहिली, मला वाटले रागावली. कलम ८ ला म्हणाली, "आठशे? काळा दगड हाय त्यो, पाझराचा भुसभुशीत न्हाई. बाराशे लिव. आन् पैशासाठी लई घोळ घातला तर म्या देत नसते, सांग तिला." मग उठून बाहेर गेली. ताडपत्री ओढल्याचा आवाज आला. त्यामुळे वर आठशे खोडून बाराशे केले आहे. ही खाडाखोड मला मान्य आहे. बन्सी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी नागसेनने करावी. मी परत आलो तर हा कागद फाडावा, कलम ५ आणि ८ सोडून.

ठिकाण: दौंड. तारीख: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार.

लिहून ठेवणार: बन्सी यल्लप्पा धोत्रे (सही)

आमच्यासमोर बन्सीने सही केली व आम्ही त्याच्यासमोर केल्या:

साक्षीदार १: कोंडिबा विटकर, मामा (सही). कलम ५ मला पटलेले नाही, पण सही त्यानेच केली हे खरे आहे.

साक्षीदार २: गिताबाई (सही). फ्रिज, साडी व पाटल्या परत मिळाल्या.

इथे आईच्या अंगठ्याची गरज नाही, असे नागसेनने दोनदा सांगितले. तिने ऐकले नाही. हात न धुताच आली, म्हणून कागदावर दगडाची भुकटी आहे. पुढची ओळ तिने सांगितली तशी लिहिली आहे:

चांगुणा यल्लप्पा धोत्रे, राहणार दौंड, धंदा पाटे-वरवंटे घडवून विकणे. (उजवा अंगठा)